हायब्रिड मोटार आणि गृहिणीचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरसाल ह्या दिवशी कोणी भरतकामावर बोलते, कोणी बाळाच्या आहारावर, कोणी दिवाळीच्या फराळावर. यंदा सेक्रेटरीबाईंनी मला गाठले आणि म्हणाल्या, "तुम्ही मोटार चालवता, पेट्रोलचा हिशेब वहीत ठेवता, त्यावरच चार शब्द बोला." मी म्हटले, "अहो, मी सातवी झालेली बाई. यंत्राचे शास्त्र मला कोठून येणार?" त्या म्हणाल्या, "भागाकार येतो ना? मग झाले." भागाकार मला येतो. त्याच्या जोरावरच मी उभी आहे.

हायब्रिड म्हटले की आपल्या सोलापूरकडे पहिली आठवते ती ज्वारी. १९६४ साली देशात पहिली हायब्रिड ज्वारी आली, आणि आमच्या सासूबाईंच्या तोंडून ते नाव अजून जात नाही. "पोती भरतात गं, पण मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी ती भाकरीच." घरात हायब्रिड गाडी येणार असे ऐकल्यावर त्यांनी कपाळाला आठी घातली. "चांगली पेट्रोलची घ्या की, हायब्रिड कशाला?" तेव्हा प्रथम त्यांना, आणि त्यांच्या निमित्ताने मला स्वतःला, हा प्रकार नीट समजावून घ्यावा लागला.

जपानात टोयोटा कंपनीने १९९७ च्या डिसेंबरात प्रियस नावाची गाडी बाजारात आणली. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही एकत्र असलेली, मोठ्या संख्येने तयार झालेली ही पहिली मोटार. आपल्याकडे अशा गाड्या मधूनमधून येत होत्या, पण त्या श्रीमंतांच्या. मध्यमवर्गाच्या आवाक्यात त्या आल्या २०२२ साली. त्या वर्षी होंडाची सिटी हायब्रिड आली, टोयोटाची हायरायडर आली, मारुतीची ग्रँड विटारा आली. ह्या शेवटच्या दोघी एकाच घरातल्या बहिणी. दोन्ही बंगळूरजवळच्या बिडदीच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. दुकानदार 'माइल्ड हायब्रिड' म्हणून जी दाखवतो तिच्यात मोटर इंजिनाला नुसता हात लावते, एकटीने गाडी ओढत नाही. मी बोलते आहे ती 'स्ट्राँग हायब्रिड'. तिची मोटर इंजिन बंद ठेवून एकटी गाडी चालवू शकते.

ती कशी चालते ते आपल्या भाषेत सांगते. पेट्रोलचे इंजिन म्हणजे लग्नघरची मोठी चूल. पन्नास माणसांचा स्वयंपाक तिच्यावर झकास होतो. पण त्याच चुलीवर कपभर चहा ठेवला तर जाळ चहूकडून वाया जातो. गाडी सात रस्त्याच्या सिग्नलला उभी असते, मंगळवार बाजाराच्या गर्दीतून मुंगीच्या पावलाने सरकते, त्या वेळी तिचे काम कपभर चहाएवढे असते आणि जाळ मात्र लग्नाचा. हायब्रिडमध्ये हे चहाचे काम मोटर करते आणि मोठी चूल विझलेली राहते. गाडी रस्त्याला लागली, जोर हवा झाला, की चूल आपोआप पेटते. बटण दाबायला नको, क्लच नाही, गिअर बदलणे नाही.

आता मोटरला वीज कोठून मिळते? पुष्कळ जणींना वाटते की रात्री घरच्या प्लगला वायर लावायची. तसे नाही. ती बॅटरीवरची गाडी निराळी. ह्या गाडीच्या बॅटरीत वीज दोन वाटांनी येते. इंजिन चालू असताना त्याची जी ताकद उरते तिच्यातून एक, आणि ब्रेक लावताना दुसरी. ब्रेक लावला की मोटर उलट काम करते. चाकाचा जोर घेऊन वीज तयार करते. साध्या गाडीत तो जोर ब्रेकच्या चकत्या तापवण्यात फुकट जातो. पण मैत्रिणींनो, दोन्ही वाटांचे मूळ एकच, टाकीतले पेट्रोल. खांबावरून एक थेंब वीज ह्या गाडीत येत नाही. हे एवढे डोक्यात पक्के बसले की पुढचे सगळे आपोआप समजते. समोरच्या पडद्यावर 'ईव्ही' असा हिरवा दिवा लागतो तेव्हा गाडी विजेवर चालू आहे, ते खरे. पण ती वीज फुकट नव्हे. ती आपणच आधी बँकेत भरलेली रक्कम, आणि भरताना नि काढताना बँकेने थोडे थोडे कापून घेतलेले.

आमच्याकडे ही गाडी हौसेने आलेली नाही. आमचा यंत्रमागाचा छोटा कारखाना. टॉवेल आणि चादरी. मोठा माल ट्रान्सपोर्टने जातो, पण नमुने दाखवायला, लहान ऑर्डर पोचवायला आणि मुख्य म्हणजे उधारी वसूल करायला लातूर, विजापूर, अक्कलकोट, पंढरपूर अशी फिरती सारखी असते. यजमानांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचे गाडी चालवणे सुटले. तोवर मी स्कूटरवाली. एक्केचाळिसाव्या वर्षी मोटारीचे लायसन काढले. गल्लीत थोडी चर्चा झाली, ती ओसरली.

गाडी घेताना हिशेब मांडला तो तुमच्यापुढे मांडते, कारण सगळे पाणी येथेच मुरते. समजा, साध्या गाडीपेक्षा हायब्रिडला दोन लाख रुपये जास्त पडले. समजा, वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरणे आहे आणि पेट्रोल सोप्या हिशेबासाठी शंभर रुपये लिटर धरले. साधी गाडी लिटरला १५ देते असे धरले तर वर्षाला एक हजार लिटर लागते. हायब्रिडने २२ दिले तर ६८२ लिटर. वाचले ३१८ लिटर, म्हणजे ३१,८०० रुपये. दोन लाख फिटायला सव्वासहा वर्षे. आता तीच गाडी वेडीवाकडी हाणून लिटरला १८ वर आणली, तर ८३३ लिटर लागते. वाचतात १६७ लिटर, आणि दोन लाख फिटायला बारा वर्षे. गाडी तीच, पेट्रोल तेच. सहा वर्षे की बारा वर्षे हे चालवणाराच्या उजव्या पायावर.

हे आकडे मी हवेतून काढले नाहीत. आमच्या वहीत दोन महिने शेजारी शेजारी लिहिलेले आहेत. पहिल्या महिन्यात बाहेरची फिरती पुतण्याने केली, दुसऱ्यात मी. रस्ते तेच, किलोमीटर दोन्ही वेळा साधारण साडेबाराशे. त्याचे अ‍ॅव्हरेज आले १८, माझे २२. फरक बारा-तेरा लिटरांचा. टॉवेलच्या डझनामागे काय सुटते हे तुम्हा कारखानदारांच्या घरच्यांना मी सांगायला नको. बाराशे रुपये नक्त सुटायला माग किती वेळ खडखडावा लागतो तेही नको. पुतण्या म्हणाला, "काकू, तू बैलगाडीसारखी चालवत असशील." मी त्याला शेजारी बसवून लातूरला नेले. पोचायला त्याच्यापेक्षा नऊ मिनिटे जास्त लागली, ती त्याने स्वतः घड्याळ लावून मोजली.

त्या फेरीत त्याला जे दाखवले तेच आता तुम्हाला सांगते.

गाडी निघताना काय करायचे ह्याबद्दल दोन टोकांची माणसे असतात. एक पुतण्यासारखी, सिग्नल हिरवा झाला की पाय तळाला. दुसरी त्या हिरव्या दिव्याच्या प्रेमात पडलेली. दिवा विझू नये म्हणून पाय इतका हलका ठेवतात की मागच्या रिक्षावाल्याला देव आठवतो. दोघांचेही पेट्रोल जास्त जाते. पहिल्याचे का ते उघड आहे. दुसरा सगळी बॅटरी हळूहळू संपवतो, मग इंजिनाला गाडी ओढायची आणि बॅटरीही भरायची अशी दुहेरी हमाली पडते. इंजिनाला कपभर चहाचे काम नको असते हे मी आधी सांगितले. म्हणून वेग घ्यायचा तो मध्यम जोराने, न संकोचता घ्यावा. इंजिन पेटले तर पेटू द्यावे, त्याच्या आवडीचेच काम आहे. हवा तेवढा वेग आला की पाय पूर्ण उचलावा आणि पुन्हा अगदी अलगद टेकवावा. इंजिन गप्प होते, आणि त्याच वेगावर मोटर गाडी धरून ठेवते. वेग थोडा उतरला की पुन्हा एकदा तसेच. पाळण्याला आपण सारखे ढकलत बसतो का? एक झोका द्यायचा आणि दोरी सैल सोडायची. ज्यांनी दोन-तीन मुले झोपवली आहेत त्यांना हे एका दिवसात जमते. पुतण्याला पंधरा दिवस लागले.

समोर एक काटा असतो. आमच्या गाडीत त्याचे तीन भाग आहेत: चार्ज, इको आणि पॉवर. काटा पॉवरमध्ये गेला म्हणजे पैसा भराभर चालला. ओव्हरटेक करताना तो जाणारच, तेथे काटकसर करू नये; जीव मोठा. एरवी इकोमध्ये राहावा. ब्रेक लावताना तो चार्जमध्ये जातो, आणि बचतीचे खरे मर्म मला येथे वाटते.

ब्रेक हलका आणि लांबून लावला तर मोटर तो जोर पकडते आणि वीज करते. काटा चार्जच्या पट्टीत दिसतो. पण पायाने धाडकन ब्रेक दाबला, तर मोटर एकटी पुरी पडत नाही. नेहमीच्या चकत्या येऊन मदत करतात आणि तेवढा जोर उष्णता होऊन हवेत जातो. सोलापुरात उष्णता आपल्याला आधीच पुष्कळ आहे. म्हणून थांबायचे असेल तर लांबूनच पाय उचलावा, ब्रेक अंगठ्याने दाबल्यासारखा हळू दाबावा.

पण ह्याच्याही पलीकडे एक पायरी आहे, ती पुष्कळ शिकलेल्या लोकांनाही पटत नाही. ते म्हणतात, "ब्रेकने वीज मिळते ना, मग ब्रेक जितका जास्त तितके बरे." दूध एका पातेल्यातून दुसऱ्यात ओतले आणि दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात, तर दूध तितकेच राहील का? दोन्ही भांड्यांच्या कडांना थोडे थोडे लागणारच. जोराची वीज, विजेचा पुन्हा जोर, प्रत्येक ओतण्यात काही कमी होते. म्हणून ब्रेक लावून वीज कमावण्यापेक्षा ब्रेक लावण्याची पाळीच कमी आणावी. शिळ्या भाकरीचा काला आमच्या घरी सर्वांना आवडतो, म्हणून मी मुद्दाम चार भाकऱ्या जास्त थापत नाही.

ब्रेकची पाळी कमी आणायची तर नजर लांब टाकावी लागते. पुढच्या गाडीच्या पाठीवर डोळे न ठेवता तिच्या पुढच्या दोन गाड्यांकडे ठेवावे. सिग्नल लांबूनच तांबडा दिसला की पाय उचलावा. पोचेपर्यंत बहुधा तो हिरवा होतो आणि गाडी न थांबता निघते. थांबून पुन्हा निघण्यात जे जाते ते वाचले. साखर कारखान्यांच्या हंगामात आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, आणि रात्री पुष्कळांच्या मागे दिवाही नसतो. तेथे लांब नजर पेट्रोलसाठी नव्हे, कुंकवासाठी लागते. कोणी म्हणतात, ट्रकच्या अगदी मागे गाडी चिकटवली की वारा लागत नाही आणि पेट्रोल वाचते. वारा लागत नाही हे खरे, पण ट्रकने ब्रेक मारला तर काय लागेल? असली काटकसर माझ्या वहीत नाही.

तुळजापूरच्या घाटाचे सांगते, कारण नवरात्रात आपल्यापैकी पुष्कळ जणी जातात. चढताना एका दमाने चढावे, मध्ये पाय सोडू नये. बॅटरी थोडी उतरते, उतरू द्यावी. परतीला देवी ती भरून देते! उतरताना ब्रेक हलका धरला की बॅटरीच्या रेघा वर चढताना दिसतात. जुने ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करतात, कोणी कोणी तर पूर्वी इंजिनही बंद करीत. ह्या गाडीत तसे कदापि करू नये. उतारावर गाडी ताब्यात राहत नाही, हा पहिला धोका. शिवाय न्यूट्रलमध्ये बॅटरी भरतच नाही, म्हणजे फायदा म्हणून केले आणि फायदाच गेला. फार लांब उताराला 'बी' असा एक खाच दिलेला असतो, त्यात गाडी इंजिनाने अडवली जाते आणि ब्रेक तापत नाहीत. बॅटरी पूर्ण भरली की इंजिन मोठ्याने घूं करू लागते. घाबरू नये, त्या वेळी ते पेट्रोल जाळत नसते, नुसते गाडीला मागे ओढत असते. सपाट रस्त्यावर मात्र 'बी' लावून ठेवू नये, पाळण्याचा झोका अडवल्यासारखे होते.

आता मोठा रस्ता. पुणे येथून अडीचशे किलोमीटर. गावात जी हायब्रिड इतकी काटकसरी, ती ह्या चौपदरी रस्त्यावर शंभराने सोडली की तिचे तेज उतरते. कारण तेथे सिग्नल नाही, ब्रेक नाही, मोटरला करायला चहाच नाही! सगळा खर्च वाऱ्याशी झुंजण्याचा, आणि वाऱ्याचा हिशेब वाईट असतो. वेग सवापट झाला की वाऱ्याचा विरोध सवापट होत नाही, दीडपटीच्याही वर जातो. ऐंशी आणि शंभर ह्यांत हाच फरक. पुण्यापर्यंत सतत ऐंशीने गेले तर तीन तास सात मिनिटे, शंभराने अडीच तास. सदतीस मिनिटे वाचवायची की पेट्रोल, हे ज्याचे त्याने ठरवावे. दवाखान्याला जाताना मी सदतीस मिनिटे वाचवते. उधारी मागायला जाताना कधीच नाही. तो माणूस नाहीतरी दुकानात नसतोच.

टपावर सामान बांधणे म्हणजे वाऱ्याला आमंत्रण. पण ह्या गाड्यांत एक खोड आहे ती सांगितली पाहिजे. बॅटरी मागे असल्यामुळे डिकी लहान होते. आमच्यासारख्या गठ्ठे वाहणारांना ते जाचते. मग गठ्ठे मागच्या सीटवर जातात, आणि तेथे एक गोष्ट आहे जी सोलापूरकरांनी तरी गाठीला बांधून ठेवावी. बॅटरी थंड ठेवायला तिला हवा लागते, आणि पुष्कळ हायब्रिड गाड्यांत ती हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. जाळीवर गठ्ठा टेकला, चादर पडली, की बॅटरीचा श्वास कोंडतो. बॅटरी तापली की गाडी मोटरचा उपयोग कमी करते आणि इंजिनावर भर देते. आमच्याकडे आणखी सुताचा कोंडा. कारखान्याच्या दारात गाडी उभी राहिली तरी टॉवेलचे तंतू आत जातात आणि जाळीच्या मागच्या फिल्टरवर बसतात. सर्व्हिसिंगला दिली असता एका ठिकाणी ही जाळी कोणी उघडूनही पाहिली नव्हती. तेव्हापासून मी कागदावर लिहूनच देते: जाळी साफ करणे.

चैत्र-वैशाखात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो तेव्हा एसीवाचून गत्यंतर नाही. सिद्धेश्वराच्या देवळाबाहेर तासभर उन्हात उभी राहिलेली गाडी म्हणजे भट्टी. आल्याबरोबर काचा बंद करून एसी मोठा लावू नये. चारही दारे उघडावी, आतली झळ बाहेर जाऊ द्यावी, एक-दोन मिनिटे काचा खाली करून चालवावे, मग काचा वर आणि एसी पंचवीस-सव्वीसवर. हवा बाहेरून घेण्याऐवजी आतलीच फिरवण्याचे बटण असते, ते दाबावे. ह्या गाडीचा एसी विजेवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असले तरी गार वारा येत राहतो, हे मोठे सुख. पण दुकानासमोर एसी लावून अर्धा तास बसलात तर बॅटरी उतरते आणि इंजिन मधूनमधून आपले आपण पेटते. यजमानांनी एकदा सुचवले, एसी बंदच ठेवू, बचत होईल. मागे सासूबाई बसल्या होत्या. मी म्हटले, "बचतीचा विचार करू, पण त्यांना आधी घरी सोडून." पेट्रोल महाग झाले असले तरी माणसाहून नाही.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगते. चाकातली हवा सकाळी, टायर गार असताना तपासावी. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, पंपावरच्या पोराच्या अंदाजाने भरू नये. दुपारी तापलेल्या टायरात दाब जास्त दिसतो म्हणून हवा काढूही नये. जवळजवळच्या फेऱ्या सुट्या सुट्या करू नयेत. इंजिन गार असले की ते स्वतःला तापवायलाच आधी पेट्रोल घेते. म्हणून पिठाची गिरणी, बँक, भाजी आणि मुलाची शिकवणी एकाच फेरीत बसवावी. पुढच्या गल्लीतल्या हळदीकुंकवाला चालत गेले तर इंजिनही गार राहते आणि आपणही.

आणि हल्ली पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचा त्यात वाटा आहे, तेव्हा तक्रार करायला जीभ अडखळते. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा कस सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडे उतरते. गाडी बिघडली असे समजून लगेच गॅरेज गाठू नये.

अ‍ॅव्हरेज मोजायचे कसे? पडद्यावरचा आकडा पाहून खूश होऊ नये, तो बहुधा जरा उदार असतो. पंपावर टाकी भरून घ्यावी, नळी आपोआप कट् झाली की थांबावे, वर थेंब थेंब ओतू देऊ नये. किलोमीटर लिहावे. पुढच्या वेळी पुन्हा तसेच भरून किती लिटर बसले ते पाहावे, आणि चाललेल्या किलोमीटरांना लिटरांनी भागावे. एका वेळच्या आकड्यावर विसंबू नये, चार-पाच वेळांची बेरीज धरावी. कंपनीच्या पत्रकात हायरायडर आणि ग्रँड विटारा ह्यांचा आकडा लिटरला २७.९७ असा छापलेला होता. तो खोटा नव्हे. पण ती परीक्षा ठरलेल्या रीतीने, गाडी रुळांवर चढवून घेतात. पुण्याला अशी परीक्षा घेणारी जी संस्था आहे, एआरएआय, ती १९६६ सालची. त्या रुळांवर आसरा चौक नाही, वैशाख नाही, आणि मागे चार गठ्ठे नि सासूबाई नाहीत. मला बाविसाच्या आसपास मिळते, पावसाळी गार दिवसांत तेवीस. त्यात मी समाधानी आहे.

तुमच्यापैकी बहुतेक जणींकडे स्कूटर आहे हे मला ठाऊक आहे. ब्रेकने वीज करण्याचे सोडले तर ह्यातले पुष्कळसे स्कूटरलाही लागू पडते. लांब नजर, अलगद हात, चाकातली हवा, आणि मोठ्या सिग्नलला इंजिन बंद.

काही जणींनी मला खाजगीत विचारले, "आम्हीही हायब्रिडच घ्यावी का?" उघड सांगते. ज्यांचे फिरणे वर्षाला चार हजार किलोमीटर आहे, महिन्यातून एकदा अक्कलकोट आणि सणाला माहेर, त्यांनी घेऊ नये. मघाच्याच हिशेबाने त्यांचे वर्षाला पंच्याऐंशी लिटर वाचेल, साडेआठ हजार रुपये. दोन लाख फिटायला तेवीस वर्षे. तेवढ्यात गाडीचे भंगार होईल. त्या दोन लाखांचे काय करावे हे त्यांनी यजमानांना न विचारता ठरवावे.

गल्लीत मागून हॉर्न वाजतात आणि "बाई चालवतीय" असे ऐकू येते, त्याचे काय करता, असेही एकीने विचारले. मी डावी बाजू धरते आणि त्याला पुढे जाऊ देते. पुढच्या सिग्नलला तो ब्रेक दाबून उभा असतो आणि मी लांबून पाय उचलून हळूच त्याच्या शेजारी येते. कधी कधी तोवर हिरवा होतो.

पुतण्या आता लिटरला एकवीस काढतो. विजापूरची फिरती पुन्हा त्याच्याकडे दिली आहे. वही मात्र माझ्याकडेच आहे.

सभा झाल्यावर गाडी बाहेर कडुनिंबाखाली उभी आहे. ज्यांना तो काटा चार्जमध्ये जाताना बघायचा असेल त्यांनी यावे, सिद्धेश्वर तळ्यापर्यंत एक एक फेरी मारू. पुढे एक आणि मागे तिघी मावतात. फक्त पिशव्या मांडीवर घ्या, मागच्या जाळीवर ठेवू नका.